डावा खांदा

११ जानेवारी

आई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचलला असतास तरी मी बहुधा "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवून दिला असता, तेव्हा हेच बरं. फार तर तू हे न वाचता स्टुडिओच्या काउंटरखाली, लोकांनी न नेलेल्या फोटोंच्या पाकिटांत टाकून देशील. ती पाकिटं तू वर्षानुवर्षं फेकत नाहीस हे मला माहीत आहे. तिथे पडून राहिलं तरी चालेल.

ऑपरेशन झालं. मी बरी आहे.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. बरी म्हणजे ताप नाही, टाके कोरडे आहेत, डॉक्टरबाई खूश आहेत. पण मनाने बरी नाही. मला सारखं वाटतं की ते सरकेल.

'ते' म्हणजे डाव्या बाजूला बसवलेलं इम्प्लांट. बघ, मीही 'बाजू'च लिहिलं. आपल्या घरात त्याला दुसरा शब्दच नव्हता. 'तुझी ती बाजू', आणि कोणी आलेलं असलं की नुसतं 'बाजू'. डॉक्टरबाई पहिल्याच भेटीत 'डावा स्तन' म्हणाल्या, आपण कोपर म्हणतो तितक्या सहज, आणि मी मागे वळून दार लावलंय ना ते पाहिलं. त्या म्हणाल्या, एका स्तनाची वाढ न होणं हे कित्येक मुलींच्या बाबतीत घडतं. मला वाटायचं हे जगात फक्त आपल्या दोघींनाच माहीत आहे.

आता नियम ऐक. पाठीवर झोपायचं, उशा रचून, अर्धवट बसल्यासारखं. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. पट्ट्यासारखी घट्ट ब्रा दिवसरात्र घालायची. आत त्याच्यासाठी एक कप्पा केलाय, त्याला तिथे रुळायला वेळ द्यायचा. सुरुवातीला ते जरा वर बसतं, मग हळूहळू खाली येतं, आणि ते यायलाच हवं. माझी पंचाईत इथेच होते. खाली येणं आणि सरकणं यातला फरक मला कसा कळणार? मी डॉक्टरबाईंना हे विचारलं, मग फोन करून परत विचारलं. आता तिथल्या सिस्टर माझा आवाज ओळखतात. "ताई," त्या म्हणाल्या, "ती काय फळीवरची बरणी आहे का, धक्का लागला की सरकायला?"

खोलीत माझ्याबरोबर राहते ती बसमध्ये कंडक्टर आहे. सगळे तिला कंडक्टरच म्हणतात, मीही. ती दिवसभर लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून ओरडून येते, आणि इथे मी, काही सरकू नये म्हणून श्वास रोखून बसलेली. काल दारातून आत आल्या आल्या सवयीने म्हणाली, "चला, सरका." मी इतकी दचकले की तिने कानाला हात लावले.

तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. काही लागलं तर.

त्या दिवशीच्या भांडणाबद्दल मी काही लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण तू विचारलंस, "इतकी वर्षं मी तुला कुठे कमी पडू दिलं?" आणि मी उत्तर न देता बॅग उचलली. उत्तर मला बसमध्ये सुचलं. तू कमी पडू दिलं नाहीस, आई. तू कमी दिसू दिलं नाहीस. मी त्या दोन्हींना एकच समजत मोठी झाले.

हे लागेल तुला. पण खोडत नाही.


१७ जानेवारी

आई,

दुकानात जायला लागले. बसून करायचं काम असेल तर हरकत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. चष्म्याच्या दुकानात मी बसूनच असते, गिऱ्हाईक समोर बसतं आणि मी त्याच्या कानामागची काडी वाकवते.

मालकांना मी सुट्टी मागताना म्हटलं होतं, "काका, छातीचं ऑपरेशन आहे." त्यांना वाटलं हृदयाचं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या वेळी माझ्याने दुरुस्ती करवली नाही. आता ते दुकानात कोणाला मोठ्याने बोलू देत नाहीत. एका माणसाने चष्म्याच्या किमतीवरून आवाज चढवला, तर काका त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, पोरीचं हृदय उघडलंय, जरा हळू." त्या माणसाने घासाघीस न करता पैसे दिले. मला इतकं टोचलं! मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही, आणि फायदा दुकानाला झाला.

काम करताना तुझी आठवण येते. चेहऱ्याची डावी-उजवी पाहायला मला तूच शिकवलंस. शाळेत घालायच्या आधीपासून मी स्टुडिओतल्या त्या उंच स्टुलावर बसून तुझ्या गिऱ्हाइकांकडे पाहायची. कोणाचा एक कान वर, कोणाची एक भुवई जाड. तू कॅमेऱ्यामागून एकच शब्द टाकायचीस, "खांदा," की समोरचा माणूस आपोआप खांदे सारखे करायचा. अजून मला कोणी नवीन भेटलं की मी आधी त्याचे खांदे पाहते.

रोज सकाळी मी आरशासमोर फोटो काढते. मोबाइलने, त्याच जागी, त्याच उजेडात. तू म्हणायचीस ना, डोळा लाडावलेला असतो, कॅमेरा कोणाचे लाड करत नाही. म्हणून फोटो. आणि आई, फोटोत दिसतंय. डावं आतल्या अंगाला आलंय, मधल्या रेषेकडे. आणि उजव्यापेक्षा मोठं दिसतं, मोठं आणि किंचित खाली. पहिल्या दिवसांत सूज होती, तेव्हा कळत नव्हतं. आता सूज उतरतेय तसतसं ते उघडं पडतंय.

कंडक्टरला दाखवलं. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "मला तर काही दिसत नाही बाई."

"नीट बघ. इथे."

"अगं, मी सुट्टे पैसे बघणारी. मला काय विचारतेस?"

बाकी विशेष काही नाही. बसला गर्दी असते.


१९ जानेवारी

आई,

"बसला गर्दी असते" असं लिहून मी ते पत्र बंद केलं, आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खरं काय झालं ते लिहिते.

कंडक्टर मला तिच्याच बसने नेते. चालकाच्या मागची जागा माझ्यासाठी धरून ठेवते, वर एक वर्तमानपत्र टाकून. त्या दिवशी एक आजोबा चढले, हातात काठी. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. शेजारची बाई मात्र बोलली, "तरण्याताठ्या मुली बसतात आणि म्हातारी माणसं उभी." मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगू? माझं ऑपरेशन झालंय. कसलं? भर बसमध्ये मी काय म्हणणार होते, 'बाजू'चं?

मी उठले. आजोबा बसले, आशीर्वादही दिला. आणि पुढच्याच वळणावर चालकाने करकचून ब्रेक मारला. मी वरची दांडी धरली. डाव्या हाताने, पूर्ण ताणून, सगळा भार टाकून.

आत काहीतरी ओढलं गेलं. दुखलं म्हणावं तर फार नाही. कपाटातला जड खण ओढताना तो मध्ये अडकतो आणि मग सुटतो, तसं वाटलं.

कंडक्टर गर्दीतून धावत आली आणि माझ्यावरच डाफरली. "तू उठलीसच का? जागा तुझी, पेपर माझा, तू उठलीस का?"

"आजोबा उभे होते."

"मग? तोंड नाही तुला? नुसतं 'आजारी आहे' म्हणता येत नाही?"

"मी आजारी नाहीये पण."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग वळली आणि अख्ख्या बसवर ओरडली, "पुढे सरका, सगळे पुढे सरका, हिला श्वास घेऊ द्या!"

तर हे झालं होतं. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ. तू नसतीस म्हणाली, पण मला ऐकू आलं असतं.

खरंच सरकलं असेल तर पुन्हा उघडावं लागेल. कप्पा शिवून लहान करतात म्हणे. पुन्हा भूल, पुन्हा पट्टा, पुन्हा पाठीवर झोप. आई, मी दमलेय. दुखण्याने नाही, स्वतःकडे बघण्याने. सकाळी आरसा, दुपारी दुकानातल्या आरशात ओझरतं, संध्याकाळी बसच्या काचेत. दिवसभर मी स्वतःवर पाळत ठेवून असते. ऑपरेशन मी यासाठीच केलं होतं ना, की हे बघणं एकदाचं संपावं? तू विचारलं होतंस, "जे कोणाला कधी कळलंच नाही, त्याच्यासाठी अंगावर सुरी चालवून घ्यायची?" मी म्हटलं होतं, मला कळत होतं. तेव्हा मी किती ठाम होते. आता वाटतं, चांगलं झाकलेलं होतं, मी उगाच हात लावला.

सिस्टरना फोन केला. या वेळी त्या हसल्या नाहीत. विचारलं, अचानक सूज आली का, लाल झालंय का, ताप? नाही म्हटलं. "तरी येऊन दाखवा," म्हणाल्या. शुक्रवारी बोलावलंय.


२४ जानेवारी

आई,

काल दाखवून आले. नीट क्रमाने सांगते.

डॉक्टरबाईंनी आधी आडवं करून तपासलं. हाताने सगळीकडे दाबून पाहिलं, मग हात वर करायला लावला, मग दोन्ही हात कमरेवर दाबायला लावले. मला म्हणाल्या, "जिथे बसवलं तिथेच आहे. बसमध्ये स्नायूला हिसका बसला असेल, तो जाईल."

मी विश्वास ठेवायला हवा होता. पण मी मोबाइल काढला आणि फोटो दाखवले. एकेक करून, तारखेप्रमाणे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला (त्याची उजवी काडी सैल आहे, पण ते मी बोलले नाही) आणि बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"हे कोणी काढले?"

"मीच. आरशासमोर उभं राहून."

"सिस्टर, आपण आपले काढू या."

तिथे भिंतीला एक करडा पडदा लावलेला आहे, अगदी आपल्या स्टुडिओतल्यासारखा, फक्त इस्त्री न केलेला. जमिनीवर पावलांच्या खुणा रंगवल्या आहेत. मी त्यावर उभी राहिले. सिस्टरनी कॅमेरा उचलला आणि म्हणाल्या, "ताई, खांदा."

मी खांदा केला.

"नाही, ताई. खांदा."

मी आणखी केला.

"अहो, खांदा!"

तिसऱ्यांदा मी जवळजवळ पूर्ण बाजूला वळले होते. सिस्टरनी कॅमेरा खाली घेतला. "मी मागे घ्या म्हणतेय, तुम्ही पुढे का येताय?"

"तुम्ही खांदा म्हणालात ना?"

"हो, मग?"

"मग पुढेच ना."

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डॉक्टरबाई उठल्या, माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि तो मागे नेला. आई, मला वाटलं मी पाठीवर पडणार. मी टेबलाची कड धरली.

"आता कशा उभ्या आहात?" त्यांनी विचारलं.

"वाकडी."

"आता तुम्ही सरळ उभ्या आहात," त्या म्हणाल्या. "कॅमेरा दिसला की तुमचा डावा खांदा पुढे येतो. आरशासमोरही येत असणार. ऑपरेशनच्या आधीच्या फोटोंतही आलाय, मला तेव्हा वाटलं तुम्ही लाजताय. खांदा पुढे आला की छाती आत आणि खाली ओढली जाणार, आणि जे जवळ ते मोठं दिसणार. तुमचं काहीही सरकलेलं नाही. हे शिकवलं कोणी तुम्हाला?"

मी म्हटलं, "सवय आहे."

जवळचं मोठं दिसतं. हे तर मी स्टुलावर बसून शिकले होते. नाक मोठं असेल तर कॅमेरा लांब ठेवायचा. एक बाजू लहान असेल तर ती कॅमेऱ्याजवळ आणायची. गिऱ्हाइकांसाठी 'खांदा' म्हणजे सारखे करा, आणि माझ्यासाठी 'खांदा' म्हणजे डावा पुढे. हा फरक तू मला कधी समजावून सांगितलास हे मला आठवत नाही. शाळेच्या गटफोटोत, मावशीकडच्या समारंभात, दारात कोणी आलं की, स्वयंपाकघरातून हळूच तुझा आवाज यायचा. खांदा. कधी तू स्वतः पुढे यायचीस आणि दोन बोटांनी तो ढकलायचीस. तुझी बोटं नेहमी गार असायची.

आणि मला तो पासपोर्टचा फोटो आठवला. पासपोर्टच्या फोटोत खांद्याखालचं काही येतच नाही. तरी तू म्हणालीस, "बारके, खांदा." आणि मी केला. ऑफिसातून तो फोटो परत आला, खांदे वाकडे म्हणून. तुझ्या स्टुडिओचा परत आलेला बहुधा तो एकच फोटो.

सिस्टरनी मग खांदा धरून ठेवला आणि डॉक्टरबाईंनी फोटो काढला. मी पाहिला. दोन्ही एका ओळीत आहेत. डावं अजून थोडं वर आहे, ते यायचं तेव्हा खाली येईल. छान आहे, आई. साधं आहे. कोणी वळून बघणार नाही असं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर बाकावर बसले आणि बसूनच राहिले. आधी तुझा राग आला, मग राग धरायलाही हातात जोर नव्हता. कंडक्टर ड्यूटी बदलून मला न्यायला आली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तू मला जो फोटो दाखवत होतीस, त्यात चूक फोटोग्राफरची होती?"

मी हसले. हसताना टाके ओढले.


२ फेब्रुवारी

आई,

तू कंडक्टरला फोन केलास.

तिने मला लगेच सांगितलं नाही. आधी बूट काढले, पाय धुतले, मग म्हणाली, "तुझ्या आईचा फोन होता. डेपोत चहा पीत होते."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, कंडक्टरताई का? म्हटलं, हो, कुठलं तिकीट देऊ?"

"चेष्टा नको करूस."

"खरंच असं म्हटलं. हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, सरकलं का?"

म्हणजे तू पत्रं वाचलीस. निदान शेवटचं सोडून. टपालाला हल्ली वेळ लागतो.

"मग तू?"

"म्हटलं, काही सरकलं नाही. सरकलंय ते तिचं डोकं. मग विचारलं, बारकी पाठीवर झोपते का? म्हटलं, बारकी कोण? म्हणाल्या, लहानपणापासून पालथी झोपायची सवय आहे, रात्रीत वळेल. म्हटलं, दोन्हीकडून उशा लावते मी. मग विचारलं, समोरून कशी दिसते?"

"समोरून?"

"हो. म्हटलं, मला काय विचारता, फोटोग्राफर तुम्ही. मग ठेवला."

मी तिला ते परत सांगायला लावलं. आवाज कसा होता, हेही विचारलं. ती म्हणाली, "आईसारखा. बारीक."

तुला इकडचं कळवते. बसमधला हिसका गेला. दुकानात काकांना सांगून टाकलं की हृदय नाही, छातीचंच, बायकांचं. ते खालमानेने काच पुसत राहिले आणि म्हणाले, "मग जड ट्रे उचलू नकोस, झालं." मोठ्याने बोलायची बंदी मात्र उठवली नाही. गिऱ्हाइकांना आवडायला लागलंय म्हणे.

सकाळचे फोटो बंद केले. आता रोज निघताना कंडक्टर मला दारात उभी करते, माझा डावा खांदा धरते आणि म्हणते, "मागे सरका." जन्मात पहिल्यांदा हे वाक्य उलटं म्हणतेय, असं तिचं म्हणणं. तिने सोडला की काही पावलं तो राहतो. मग समोर काच आली, कोणी बघितलं, की हळूच पुढे. मला तो जाताना कळतोही आता. रागवत नाही मी त्याच्यावर. तो बिचारा त्याला सांगितलेलं काम करतोय.

शेवटचं पत्र तुला मिळालं असेल तर त्यातल्या पासपोर्टच्या गोष्टीने तुला वाईट वाटलं असेल. वाटू दे थोडं. पण मी हेही लिहायला हवं की माझ्याकडे इतका वेळ, इतक्या जवळून, दुसरं कोणीही पाहिलेलं नाही.

आई, समोरून कशी दिसते ते मी तुला सांगू शकणार नाही. माझा एकही फोटो समोरून नाही. डॉक्टरबाईंच्या फाइलमधला आहे, पण त्यात दुसऱ्या कोणाचा हात आहे खांद्यावर. तेव्हा तू ये. मोठा कॅमेरा आण, तिपाईवरचा. खोलीत एक भिंत रिकामी आहे, उजेड सकाळी खिडकीतून येतो. मला तिथे उभी कर. तू डोळा लावलास की माझा खांदा पुढे येईल, तो येणारच. तू काही म्हणू नकोस. बोटही लावू नकोस. नुसती थांब. तो आपणहून मागे जाईल, आणि मग काढ.

तुझी,
बारकी